आईच्या आधारची पिशवी : प्रकल्प नोंदी

१८ मे २०२५, रविवार

आई यंदाही वारीला जाणार, हे आज फोनवर पक्कं झालं. वय ७६. "नको जाऊस" म्हणायचं आम्ही कधीच सोडून दिलंय. बरोबर काय द्यायचं एवढंच माझ्या हातात उरतं, आणि यंदा मी पिशवी शिवून देणार आहे. मूठभर आकाराची, चेनची, आधार कार्ड ठेवायची.

कारण गेल्या वर्षीचं. आषाढी १७ जुलैला झाली. परतीला पंढरपूरच्या स्टँडवर आई एसटीत चढली. तिचं आधार म्हणजे पोस्टाने आलेला तो लांबडा कागद. चार घड्या घालून दुधाच्या पिशवीत, त्यावर रबर, ते सगळं चंचीत आणि चंची कमरेला. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीत तिकीट लागत नाही, पण वय दाखवावं लागतं. आईने रबर काढलं, पिशवी उलगडली आणि हातात लगदा आला. बायकांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहेच, त्याला कागद लागत नाही. ते काढून ती बसली. कंडक्टरचा काही दोष नाही, पैशांचाही प्रश्न नाही. पण "मी म्हातारी झालेय हे मला पटवून देता आलं नाही" असं ती पुढे महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत होती. हसत सांगायची, पण सांगायची.

आता पीव्हीसी कार्ड आलंय, पाण्याला दाद न देणारं. म्हणजे निम्मं काम झालंच आहे. उरलेलं निम्मं मला करायचंय. आळंदीहून पालखी १९ जूनला निघते. महिना आहे हातात.

या नोंदी ठेवायचं कारण साधं. मागे शिवलेल्या उश्यांच्या खोळींचं माप मी लिहून ठेवलं नव्हतं आणि चारही खोळी वेगवेगळ्या झाल्या.

२१ मे

मापं घेतली. कार्ड ८.६ बाय ५.४ सेंमी. पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचं कार्ड, सगळ्यांचं माप हेच आहे, त्यामुळे एकाचं जमलं की सगळ्यांचं जमलं. पाचशेची नोट १५ सेंमी लांब आणि ६.६ रुंद. मधोमध घडी घातली की साडेसात बाय ६.६. म्हणजे नोट कार्डापेक्षा आखूड पण रुंद. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कापून आणता येते, ती मोजत नाही.

मनात धरलेलं तयार माप : १० बाय ८. दोन्ही बाजूंना एकेक सेंमी माया, म्हणजे कापायचं १२ बाय १०.

शिलाईसाठी जास्तीच्या सोडलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला तो नक्कीच हाताने शिवणारा असणार.

२४ मे, शनिवार

रविवार पेठेत बोहरी आळी. पावसात. चेन घ्यायला गेले आणि दीड तास गेला, कारण तिथे नुसतं "चेन द्या" म्हणून भागत नाही. किती नंबरची? मीटरवरची की तयार तुकडा? नायलॉनची, प्लास्टिकच्या दातांची की पितळी?

नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची अंदाजे रुंदी मिलिमीटरमध्ये. तीन नंबर नाजूक, ड्रेसला आणि उशीला. पाच नंबर पर्सला आणि दप्तराच्या कप्प्याला. आईच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. तीन नंबरचा रनर, म्हणजे चेन उघडायचा-मिटायचा सरकता तुकडा, तिला चिमटीत धरता येणार नाही, म्हणून पाच नंबर. नायलॉनची घेतली. तिला खरे दात नसतातच, जाड धाग्याचं एकच वेटोळं पट्टीवर शिवलेलं असतं. त्यामुळे कात्रीने कुठेही कापता येते आणि तिच्यावरून मशीनची टीपही जाते. पितळीवर माझी सुई मोडली असती.

दोन मीटर चेन, सुटे रनर सहा, चेन लावायचा मशीनचा एकपायी फूट (माझा कुठे गेला देव जाणे), १४ नंबरच्या सुया. कापड ताठ करायचं बकरमही घेतलं अर्धा मीटर. दुकानदाराने "काय शिवताय?" विचारलं. सांगितलं, तर म्हणाला, "तयार मिळतात की ताई वीस रुपयाला." मिळतात. गेल्या वर्षी मी ती घेऊनही दिली होती. तिचा रनर फलटणच्या पुढे गेला नाही.

२६ मे

मे महिन्यातच मान्सून पुण्यात. लोकांच्या तोंडी दुसरा विषय नाही. कापड आटू नये म्हणून आधीच धुवायला काढलं होतं, ते तीन दिवस दोरीवर ओलंच आहे. पंखा लावलाय.

कापड कुठलं : आईचंच जुनं इरकली नऊवार. अंग विरलंय, पण काठ अजून खणखणीत. पिशवीचा बाहेरचा भाग काठाचा, आतलं अस्तर पोटातल्या सुती कापडाचं.

१ जून, रविवार

पहिला नमुना.

आधी रनर ओवायचं काम. चेन मीटरवर घेतली की रनर आपणच घालायचा असतो, आणि तो एका बाजूने शिरला की दुसऱ्या बाजूने निसटतो. काट्याची युक्ती केली. जेवणाचा काटा उभा धरायचा, त्याच्या दातावर रनर अडकवायचा आणि चेनची दोन्ही टोकं वरून बरोबरीने आत सरकवायची. तिसऱ्या प्रयत्नात बसला. न वापरलेला काटा घरात इतकी वर्षं का होता, ते आज कळलं.

मग शिवण. बाहेरचं कापड सुलट बाजू वर, त्यावर चेन तोंड खाली करून, त्यावर अस्तर सुलट बाजू खाली. तिन्हींच्या कडा जुळवून एकच टीप. रनर आडवा आला की फूट त्याच्यावर चढतो आणि टीप वाकडी जाते. त्यामुळे अर्ध्यावर थांबायचं, सुई कापडातच खाली ठेवायची, फूट उचलायचा, रनर मागे सारायचा, फूट टेकवायचा आणि पुढे. दुसऱ्या अंगालाही तसंच. मग दोन्हीकडे कापड मागे वळवून इस्त्री आणि चेनच्या कडेने वरून एक टीप. ही वरची टीप शोभेची नाही. ती नसली तर अस्तर सैल राहतं आणि रनरमध्ये अडकतं. वीस रुपयाच्या पिशवीत नेमकी तीच नव्हती.

चेनच्या दोन्ही टोकांना काठाचे छोटे तुकडे दुमडून लावले, म्हणजे कोपऱ्यात चेनचा जाड गठ्ठा येत नाही. छान दिसलं. मग चेन अर्धी उघडी ठेवून बाहेरचं बाहेरच्याला, अस्तर अस्तराला, भोवतीने टीप. अस्तराच्या तळाला पाच सेंमी जागा सोडून त्यातून उलटवलं. कोपरे पेन्सिलीने टोचून काढले. भोक हाताने शिवलं.

कार्ड आत घातलं. तिरकं करून, कोपरा आधी, थोडं दाबून गेलं. आता बाहेर निघेना.

२ जून

कार्ड काल रात्री उलथण्याने काढलं.

चूक कुठे झाली ते आज पट्टी लावून पाहिलं. पिशवी १० सेंमीच आहे, अगदी बरोबर. पण टोकांच्या तुकड्यांनी दोन्हीकडून सव्वा-सव्वा सेंमी खाल्लं, म्हणजे तोंड साडेसातचं. कार्ड ८.६. पिशवीचं माप मी धरलं, तोंडाचं धरलंच नाही. उभं घालावं तर खोली आठ, तिथेही कार्ड अर्धा सेंमी वर डोकावतं. पिशवीचं माप तोंडापासून काढायला हवं होतं. कार्ड ८.६, हाताला सैल म्हणून एक सेंमी वाढवून ९.६, त्यात टोकांचं अडीच, म्हणजे तयार रुंदी १२ आणि त्यावर माया.

चेन उसवायला बसले, तासभर गेला. पायमशीनवर मी टाका बारीक ठेवते, त्याची ही शिक्षा. अखेर चेन सोडून दिली, कापड वाचवलं.

७ जून, शनिवार

दुसऱ्या नमुन्याची तयारी. अस्तराचा विचार बदलला. सुती अस्तर घाम पितं आणि सोडत नाही. कपाटामागे एक काडी मोडलेली छत्री होती, तिचं कापड काढलं. आठ पाकळ्या आहेत, एका पाकळीत एक पिशवी सहज बसते. छत्रीच्या कापडाला टाचण्या लावायच्या नाहीत. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मशीनवर ते सुळसुळतं, म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यावरून टीप मारली आणि मग कागद फाडून काढला.

पहिली पाकळी इस्त्रीने खाल्ली. सवयीने सुतीच्या आकड्यावर ठेवली होती. कापड एका क्षणात द्राक्षाएवढं गोळा झालं आणि इस्त्रीला चिकटलं ते वेगळंच. सात पाकळ्या राहिल्या.

८ जून

दुसरा नमुना झाला. तयार माप १२ बाय ९.५, तोंड साडेनऊ. बाहेरच्या कापडाला बकरम लावलं, त्यामुळे पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. आत दोन कप्पे, एकात कार्ड, एकात नोटा. गळ्यात घालायला नाडी, दोन्ही टोकांना शिवलेली. पर्स दिसते अगदी, दुकानातली.

चेन उघडी ठेवायची विसरले होते, पूर्ण मिटलेल्या चेनवर भोवतीने टीप मारून मोकळी झाले. रनरचा दांडा आतल्या बाजूला अडकलेला. अस्तराच्या भोकातून बोट घालून, पाठीकडून रनर नखाने सूतसूत सरकवत उघडला. नख गेलं.

नळाखाली परीक्षा. आत वाणसामानाच्या बिलाचा कागद ठेवला आणि दोन मिनिटं धार धरली. मधला भाग कोरडा, पण कडांना आणि चेनच्या खाली ओल. बरोबरच आहे. कापडाने पाणी थोपवलं तरी सुईची भोकं आणि चेन ते थोपवू शकत नाहीत. म्हणजे ही पिशवी घामाला आणि भुरभुरीला पुरेल, दिवेघाटातल्या सरीला नाही. कार्डाला फरक पडत नाही. नोटांना प्लास्टिक लागेल.

१० जून, वटपौर्णिमा

सुट्टी नव्हती. मशीन उघडलं नाही.

१४ जून, शनिवार

आई दुपारी गावाहून आली. पिशवी हातात दिली. तिने आधी काठावरून हात फिरवला, ओळखला. "ही माझी तांबड्या काठाची का?" हो म्हटलं. "बरं केलंस." मग गळ्यात घालून पाहिली आणि लगेच काढली.

"गळ्यात माळ हाय. दिंडीचं कार्ड हाय. आता ही तिसरी कशाला? चोळीत बसंल अशी कर."

चोळीत बसवून पाहिली. तेवढ्यात "आगं, टोचतंय की! पुठ्ठा घातलास व्हय आत?"

बकरम. चारही कोपरे अगदी काटकोनात, पेन्सिलीने टोचून टोचून काढलेले. मला त्यांचाच अभिमान होता.

मग ती म्हणाली, "आणि उघडू कशी?" मला प्रश्नच कळेना. चेन ओढायची. ती उठली, स्वयंपाकघरातली कळशी डोक्यावर घेतली आणि उजव्या हाताने धरली. ही तिची तुळस. दिंडीत आपल्या पाळीला ती तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालते आणि ते मध्येच कुठेही खाली टेकवत नाही. मग उरलेल्या डाव्या हाताने तिने चेन ओढून दाखवली. पिशवी रनरबरोबर नुसती पुढे पुढे जात राहिली. चेन उघडायला एक हात ओढायला लागतो आणि दुसरा धरायला. टेबलावर शिवताना माझे दोन्ही हात नेहमी मोकळे असतात. तिचा एकच असतो, हे मला एवढे दिवस सुचलं नव्हतं.

चंचीचा बंद ती एका हाताने सोडते. म्हणूनच एवढी वर्षं ती चंचीला धरून होती. आणि मी समजत होते, हट्ट.

रात्री बराच वेळ पिशवी दाराच्या कडीला अडकवून ओढत बसले. एक गोष्ट सापडली. मिटल्यावर रनर ज्या टोकाला येऊन थांबतो, तेच टोक कशाला तरी बांधलेलं असलं, तर रनर तिथून लांब ओढताना पिशवी सरकत नाही. बांधलेलं टोकच दुसऱ्या हाताचं काम करतं. दोन्ही टोकांना नाडी लावली तर तो ताण येत नाही. म्हणजे नाडी नको, एकाच टोकाला लूप हवा आणि तो चोळीला आतून सेफ्टी पिनने लावायचा. पिशवी उभी लोंबेल, रनर वर, आणि खाली ओढला की उघडेल. मिटताना मात्र पिशवी धरावीच लागेल. चालेल. उघडायची घाई असते, मिटायची नसते.

१५ जून, रविवार

तिसरा नमुना. बकरम नाही. कोपरे गोल, दहा रुपयाचं नाणं ठेवून खडूने आखलेले. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, गोलाई बरोबर मिळते. गोलाईवर मायेला बारीक बारीक कात्र्या दिल्या, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात. तयार माप १२ बाय ८.५, सपाट, हातरुमालासारखी मऊ. दोन कप्प्यांऐवजी आत एकच अर्धा पडदा. आई म्हणते, दोन कप्पे असले की एकात काय ठेवलंय ते विसरायला होतं. पण पडदा अजिबात नसला तर कार्ड ओढताना नोटा बाहेर येतात, हे मी तिला करून दाखवलं. अर्ध्यावर मिटलं.

रनरला काठाच्या रेशमी दोऱ्यांचा गोंडा. बोटात धरायला तो धातूच्या दांड्यापेक्षा बरा. गोंड्याच्या वजनाने चेन आपोआप उघडते का, ते पाहायला पिशवी पिनेला लावून दहा मिनिटं हलवली, शेजारच्या पोराला उड्याही मारायला लावल्या. नाही उघडत.

लूप चुकीच्या टोकाला लागला. उलट्या पिशवीवर खुणा केल्या होत्या. सुलट केल्यावर डावं उजवीकडे गेलं. हे मला शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी सांगितलं होतं आणि आज पुन्हा कळलं.

आई शेजारी बसून मटार सोलत होती. तिने पाहिलं, हात पुसले आणि "आण इकडं" म्हणाली. लूप उसवला. दोरा दुहेरी घेऊन मेणबत्तीवरून दोनदा ओढला आणि बरोबर टोकाला शिवणीच्या अंगात सुई घालून उलटे टाके घातले. एकावर एक, बारा-पंधरा. चष्मा कपाळावरच होता. मी ओढून पाहिलं, हललासुद्धा नाही. हे मशीन तिचंच आहे, माझं लग्न ठरलं तेव्हा तिने ते मला दिलं. चाळीसेक वर्षांची उषा. त्याआधी गावातल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या त्याच्यावरच झाल्या. मी पंधरा दिवस आईसाठी पिशवी शिवत होते आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं.

कळशी पुन्हा डोक्यावर. डावा हात चोळीत, एक ओढ, कार्ड बाहेर. दोन सेकंद लागले असतील. "आता जमलं," एवढंच म्हणाली आणि मटाराकडे वळली.

१६ जून

पिशवी हरवली तर? पडद्यावर माझा फोन नंबर हवा. बॉलपेनने एका चिंधीवर लिहून धुऊन पाहिला, निळा डाग राहिला. कायमच्या शाईच्या पेनने लिहिलेला छत्रीच्या कापडावर बोटाने पुसला गेला. तेव्हा सुती पट्टीवर उलट्या टाक्याने भरायला घेतला. मराठी आकडे की इंग्रजी, यावर घरात चर्चा झाली. आईला मराठीच वाचता येतात, पण तिला माझा नंबर पाठ आहे. पिशवी सापडेल ती दुसऱ्या कुणालातरी. इंग्रजी.

१७ जून

दहा आकड्यांपैकी सहा झाले. आठचा आकडा भरणं हा छळ आहे आणि माझ्या नंबरात तो तीनदा आहे.

१८ जून

पहाटे उरलेले चार भरले. पट्टी पडद्याला शिवली. आईने सामान भरलं : कार्ड, पाचशेच्या दोन नोटा, शंभराच्या काही, गोळ्या. नोटांसाठी मी बोटाने दाबून बंद होणारी प्लास्टिकची छोटी पाकिटं आणली होती. तिने आपल्या पडशीतून दुधाच्या पिशवीचा स्वच्छ धुतलेला तुकडा काढला, नोटा त्यात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या. काही बोलले नाही.

दुपारी तिला आळंदीच्या गाडीत बसवलं.

२२ जून, रविवार

सकाळी हडपसरला रस्त्यावर उभी. माऊलींची पालखी पुण्यातून निघून सासवडकडे चालली होती. दिंड्या क्रमाने येतात, तरी आपली दिंडी कुठली हे गर्दीत कळायला वेळ लागतो. नंबर पाहत राहायचं. आई दिसली ती तुळस डोक्यावर घेऊनच. मला पाहून थांबली नाही, थांबताही येत नाही, मागून ओळ येत असते. मी बाजूने चालत राहिले. विचारलं, "पिशवी?" तिने डावा हात नुसता चोळीवर ठेवला.

शंभर पावलं बरोबर चालले. पाऊस नव्हता. पुढे दिवेघाट.

२६ जून

रात्री लोणंदहून फोन, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. आज नीरेत माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं. बायकाही नदीत उतरल्या. आई पिशवीसकट उतरली. "काढून ठेवायची कुणाकडं? चोळीतच ऱ्हाऊ दिली." म्हणजे माझ्या नळाखालच्या दोन मिनिटांची परीक्षा नीरा नदीने घेतली. निकाल : कार्ड ठीक, गोळ्यांची पट्टी ठीक, नोटा कोरड्या. दुधाची पिशवी जिंकली.

सेफ्टी पिनेला गंज लागलाय, चोळीवर डाग पडलाय. तो तिने शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितला.

६ जुलै, आषाढी

फोन लागला नाही. लागणार नव्हताच.

१२ जुलै, शनिवार

गावी आले. आई सोमवारीच परतली होती, एसटीने, फुकट. कंडक्टरने विचारायच्या आत तिने कार्ड काढून पुढे केलं होतं. तो म्हणाला, "आजी, ठेवा, दिसतंय." तिने ठेवलं नाही. "तारीख वाच," म्हणाली. त्याने वाचली.

पिशवी तपासली. निरीक्षणं :

चेन जड जाते. दातांत काळं काय आहे म्हणून नखाने खरवडून हुंगून पाहिलं. बुक्का. कपाळावरचा, हातावरचा, सगळ्या दिंडीचा. कोरड्या ब्रशने झाडला, चेनवरून मेणबत्ती फिरवली, रनर चारदा वर-खाली केला. पहिल्यासारखी झाली.

गोंडा काळा आणि ताठ. बदलायला हवा. आई नको म्हणाली.

वरची टीप एका जागी दोन टाके उसवलीय, जिथे मी रनरसाठी थांबले होते तिथेच. तिथे उलटी टीप घ्यायला हवी होती. पुढच्या वेळी.

आईने शिवलेला लूप जसाच्या तसा.

छत्रीच्या अस्तराला घामाचा वास नाही. सुती असतं तर आज पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली असती.

पिनेऐवजी चोळीला आतून टिचबटण लावायचं आणि लूपाला त्याचा जोड. आईने जुन्या चोळीवर जागा दाखवली, खडूने खूण केलीय.

दिंडीतल्या तिघीजणींना अशीच हवीय. त्यातली एक डावखुरी आहे, म्हणजे तुळस डाव्या हाताने धरते. तिची पिशवी चोळीच्या दुसऱ्या अंगाला लागणार. आणखी एक मेणाचा दोरा ओढायला आई तयार आहे, लूप तीच शिवणार, तसं तिने त्यांना सांगूनही टाकलंय.

शिल्लक : चेन दीड मीटरला थोडी कमी, रनर तीन, बकरम जवळजवळ सगळं. छत्रीच्या पाच पाकळ्यांपैकी तीन जिन्याच्या खिडकीला पावसाच्या झडीसाठी गेल्या, दोनच उरल्यात. शेजारच्या काकांच्या गच्चीवर एक मोडकी छत्री पडलेली दिसते. उद्या विचारते.